फिरवणाऱ्याने मोजायचं नाही

गाडी स्टँडवर चढली तेव्हा तिने स्टँड मोजले. चार. मग पुन्हा मोजले. तेव्हाही चारच भरले. पण त्या चार लोखंडी तिवयांवर टेकलेल्या धुडाखाली आपला नवरा पाठीवर सरपटत जाणार आहे हे डोळ्यांसमोर आलं आणि तिचा आकड्यांवरचाच विश्वास उडाला. कडेवरच्या सात महिन्यांच्या लेकीला सावरत तिने गाडीला खांद्याने एक धक्का देऊन पाहिला. गाडी हलली नाही. सासरे मात्र हसले.

"हलली तर मलाच सांग," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं बस उचलल्यात. ही तर आमच्यासाठी खेळणं आहे."

मोजणं हा तिचा स्वभाव होता आणि पोटापाण्याचा उद्योगही. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजत असे. बाळंतपणाच्या रजेत पेशी नव्हत्या म्हणून ती बाळाचे श्वास मोजू लागली. दूध किती मिली गेलं, लंगोट किती ओले झाले, झोप किती मिनिटांची झाली, सगळं एका वहीत. नवरा त्या वहीला चित्रगुप्ताची वही म्हणायचा. ती रजा आता संपत आली होती. सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं, प्रयोगशाळा घरापासून पंचवीस किलोमीटरवर होती, आणि दिवसभर बाळ सांभाळणार होते बाबा, म्हणजे तिचे सासरे. सगळं ठरलं होतं. आणि नेमका अठरा दिवस आधी गाडीचा गिअरबॉक्स गेला.

गेला म्हणजे काय, तर इंजिन आरडाओरडा करायचं आणि गाडी जागची हलायची नाही. रुसलेल्या जावयासारखी नुसतीच गुरगुर. गाडी ऑटोमॅटिक होती. सासूबाईंच्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नव्हता म्हणून बाबांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण आरसा अजून त्यांच्याच उंचीला जुळवून ठेवायचा, आणि चालवणाऱ्याने आपली मान त्याप्रमाणे खाली करायची, असा घरात अलिखित कायदा होता.

गॅरेजवाल्याने एक महिना थांबा म्हणून सांगितलं. बाबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने शेवटी स्वतःच विचारलं, "काका, तुम्ही लाइनीतले का?" लाइनीतले तर होतेच. बस डेपोत त्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, तिसऱ्या सिलिंडरची बेअरिंग गेलीय. ती गेलेलीच असायची. तर डॉक्टरांनी भंगारच्या बाजारात चार फेऱ्या मारल्या, मागून धडक बसलेली हुबेहूब तशीच गाडी शोधली, तिचा शाबूत गिअरबॉक्स घरी आणला आणि जाहीर केलं, की शनिवारी जुना उतरवायचा, रविवारी नवा चढवायचा, सोमवारी सूनबाई गाडीत बसून कामावर. फक्त खांद्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांना खऱ्या डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती. म्हणून हात मुलाचे आणि डोकं त्यांचं.

मुलगा विमा कंपनीत होता. त्याने आयुष्यात पंक्चरदेखील काढलं नव्हतं.

"उंटावरून शेळ्या हाकायचा कार्यक्रम आहे हा," तो गाडीखाली जाता जाता बायकोला म्हणाला. "मी शेळी."

शनिवार बरा गेला. बॅटरीची वायर सोडली, गिअरबॉक्समधलं ऑइल पातेल्यात काढलं. ते जळकट काळं निघालं तेव्हा बाबांनी ते बोटांवर घेऊन हुंगलं आणि कुणी ओळखीचं माणूस गेल्यासारखी मान हलवली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा निघाला, वायरी निघाल्या, स्टार्टर निघाला. निघालेला प्रत्येक बोल्ट एका पुठ्ठ्यावर चित्र काढून त्या त्या जागी खोचायचा, हे काम तिने आपण होऊन घेतलं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, शेडकडे तोंड करून ती पायरीवर बसे. एका मांडीवर लेक, दुसऱ्या मांडीवर पुठ्ठा. कुंपणापलीकडून निवृत्त पोस्टमनकाका दर तासाला डोकावून विचारत, "डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" त्यावर बाबा न चुकता म्हणत, "हो, हो, ऊन फार आहे." काकाही हसत, हीही हसे. म्हातारे लोक एकमेकांना असंच टोलवत असतात, असं तिला वाटलं.

वाटलं खरं. पण मागच्या आठवड्यातली किटली तिच्या मनातून गेली नव्हती. ती न्हाऊन बाहेर आली तर किटली शिटी फुंकून फुंकून कोरडी पडत आलेली, आणि चार पावलांवर बाबा वर्तमानपत्र वाचत बसलेले. "वाचनात दंग होतो गं," ते म्हणाले होते. माणूस दंग होतोही. आणि उलट बाजूने पाहावं, तर बाळ उठलं की तिच्याआधी पाळण्याशी हजर असायचे ते बाबाच. ती स्वयंपाकघरातून धावत यायची तोवर नात आजोबांच्या खांद्यावर. म्हणून तिने किटलीकडे कानाडोळा केला होता.

संध्याकाळी सगळे बोल्ट निघाले आणि एक राहिला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. वरच्या बाजूला, इंजिन आणि मागची पत्र्याची भिंत यांच्या बेचक्यात तो असा दडून बसला होता की नवऱ्याचा हात मनगटापाशीच अडके. बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. बांगडी काढून, बाळ त्यांच्याकडे देऊन ती इंजिनवर पोटावर पालथी पडली आणि बोटांनी चाचपडत तो बोल्ट सोडवला. गिअरबॉक्स जॅकवर अलगद मागे सरकला आणि खाली आला. तेव्हा बाबांनी नातीला सांगितलं, "बघ, तुझ्या आईने काढला. मोठेपणी सांग सगळ्यांना." तिच्या कोपरापर्यंत काळं झालं होतं. किती तरी महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

रात्री जेवताना बाबांनी उद्याचा धडा दिला. नव्या गिअरबॉक्सबरोबर भंगारवाल्याने एका पोत्यात कन्व्हर्टर वेगळा बांधून दिला होता. परातीएवढे दोन जाड लोखंडी वाडगे तोंडाला तोंड लावून जोडावेत तशी ती वस्तू. इंजिनची ताकद तिच्यातल्या तेलातून गिअरबॉक्सकडे जाते. ती गिअरबॉक्सच्या तोंडात नुसती ठेवून भागत नाही, बसवावी लागते. ठेवून हळूहळू फिरवायची. एकेक दाता सापडत जातो आणि ती खाली उतरते. खट्, पहिला. खट्, दुसरा. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात खोल, तिसरा.

"दोनच बसले आणि तसाच चढवला, तर?" तिने विचारलं. ते तिच्याकडेच पाहत होते.

"तर गिअरबॉक्स इंजिनला चिकटत नाही. थोडी फट राहते. शहाणा माणूस तिथे थांबतो. दीडशहाणा बोल्ट घालून आवळत सुटतो. मग आतला पंप फुटतो, आणि गिअरबॉक्स पुन्हा भंगारात. बोल्ट धरून ठेवण्यासाठी असतात, ओढून आणण्यासाठी नाही. हे लक्षात ठेव, सगळीकडे उपयोगी पडेल."

डेपोत म्हणे असा एक पंप फुटला होता. तेव्हापासून तिथल्या जुन्या फोरमनने नियमच केला: एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून मोजायचं. फिरवणाऱ्याने मोजायचं नाही. मोजणाऱ्याने हात लावायचा नाही. का, तर हाताला घाई असते. जेवणाची सुट्टी जवळ आली की हात दोनाचे तीन करतो. "मोजणारा 'बसला' म्हणेपर्यंत पान्याला कुणी शिवायचं नाही. तीस वर्षं मोजणारा मीच होतो," बाबा म्हणाले आणि पाण्याचा पेला असा उचलला, की जणू कुणी त्यांच्या नावाने टाळ्या वाजवतंय.

रविवारी सकाळी नवा गिअरबॉक्स दोन जुन्या टायरांवर उभा केला, तोंड आकाशाकडे. नवऱ्याने कन्व्हर्टर उचलला, त्याच्या तोंडावर ठेवला आणि फिरवायला लागला. बाबा दोन हात अंतरावर उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. ती पायरीवर. लेक मांडीवर झोपलेली, म्हणून सगळीकडे शांतता होती.

खट्.

"एक," बाबा म्हणाले.

नवरा घामाघूम होऊन फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने, खट्.

"दोन."

आता हात बदलावा म्हणून नवऱ्याने पाय जरा सरकवला. पाय ऑइलवर घसरला, त्याचा खांदा एकदम खाली गेला, आणि तो सावरला.

"तीन," बाबा म्हणाले. "बसला. शाब्बास."

तिने मान वर केली. तिने दोनच ऐकले होते.

लगेच तिने स्वतःला झटकलं. तीस वर्षं मोजलेला माणूस तो. आपलं काय, कालपर्यंत कन्व्हर्टर हा शब्दही ठाऊक नव्हता. प्रयोगशाळेतला नियम तिला आठवला: दुसऱ्याची मोजणी चुकली म्हणण्याआधी आपली पुन्हा कर. पण हे पुन्हा कसं मोजायचं? आवाज होऊन गेलेला. शिवाय एक गोष्ट तिला आता उगीचच दिसू लागली होती. मोजताना बाबांचं लक्ष गिअरबॉक्सकडे नव्हतंच. ते मुलाच्या खांद्यांकडे पाहत होते.

कन्व्हर्टर निसटू नये म्हणून तारेने बांधला, गिअरबॉक्स आडवा करून जॅकवर ठेवला आणि गाडीखाली ढकलला. तार सोडून नवरा मागोमाग खाली गेला. आता त्याचे फक्त बूट दिसत होते. तासाभराने खालून त्याचा आवाज आला, की इंजिनवरच्या खुंट्या भोकांशी जुळल्या, पण गिअरबॉक्स पूर्ण चिकटत नाही. बाबा गाडीच्या बाजूला उभे होते, गिअरबॉक्सपासून तिच्यापेक्षा जवळ. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणतोय?"

तिने सांगितलं. खालून पुन्हा आवाज आला, करंगळीएवढी फट आहे, काय करू? बाबांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "खाली आवाज घुमतो," ते म्हणाले. "काय म्हणतोय?"

आवाज घुमत नव्हता. आवाज लख्ख येत होता. करंगळी. किटली. ऊन फार आहे. खांदे. एकामागून एक सगळे दाते आपापल्या जागी बसत गेले. हा माणूस उद्यापासून दहा तास तिच्या लेकीबरोबर घरात एकटा असणार होता.

"करंगळीएवढी फट," ती म्हणाली.

बाबांनी कपाळ पुसलं. तीन तर झालेत, ते म्हणाले, तेव्हा कन्व्हर्टरचा प्रश्न नाही. खुंट्यांना गंज असेल. "त्याला सांग, बोल्ट लाव आणि आळीपाळीने हळूहळू आवळ. येईल तो."

काल जेवताना ज्याला दीडशहाणा म्हटलं होतं, तो हाच. हे त्यांनाही कळत असणार. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आपण म्हटलेल्या 'तीन'वर उभं राहायचं म्हणून ते गिअरबॉक्सवर पाणी सोडायला निघाले होते. तिने तोंड उघडलं तर गिअरबॉक्स वाचणार होता, पण त्याच वाक्यात आणखी एक गोष्ट बोलली जाणार होती, आणि ती एकदा बोलली की मागे घेता येणार नव्हती. खालून बोल्ट छिद्रात घातल्याचा बारीक आवाज आला. मग पाना चढवल्याचा.

"थांब," ती खाली वाकून म्हणाली. "पान्याला हात लावू नकोस."

मग ती उठली, झोपलेली लेक खांद्यावर घेतली, बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना ओठ दिसतील अशा बेताने म्हणाली, "बाबा, मी दोनच मोजले."

गाडीखालून नवरा हसला. अगं, तू उशीचेही श्वास मोजशील, वगैरे काहीतरी म्हणाला. बाबांनी ते ऐकलं नाही, ऐकलं असतं तरी ते हसले नसते. ते तिच्याकडे बघत होते. प्रगतिपुस्तकात खाडाखोड करताना सापडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला, आणि मग हळूहळू तो चेहरा सैल पडला.

"तुझा कान पक्का आहे?"

"ही पलीकडच्या खोलीत कुशीवर वळली तरी मला कळतं."

"मग उतरवा," बाबा म्हणाले.

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला, पुन्हा टायरांवर उभा राहिला. नवरा कुरकुरत होता, पण बापाचा चेहरा बघून गप्प झाला. बाबांनी तिला आपल्या जागी उभं केलं आणि म्हणाले, मोजणारी तू. आणि स्वतः पुढे होऊन त्यांनी गिअरबॉक्सच्या अंगावर उजवा तळवा पसरून ठेवला, तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

नवरा फिरवू लागला. एक वळसा. दुसरा. काही नाही. तिला वाटलं, आपलंच चुकलं. तीन झालेच असतील. एवढं रामायण उगाच. तिसऱ्या वळशाच्या अर्ध्यात कन्व्हर्टर जरासा अडला, आणि मग आधीच्या दोन्हींपेक्षा जड, खोल, विहिरीत दगड पडावा तसा आवाज झाला. कन्व्हर्टर बोटभर खाली गेला.

बाबांची मान तिच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच हलली होती.

"तीन," ती म्हणाली.

"पुढचं म्हण की."

"बसला."

"आता कसं," बाबा म्हणाले आणि तळवा उचलून त्याच्याकडे पाहिलं. "याला कळलं. सकाळीच ठेवायला हवा होता. पण मोजणाऱ्याने हात लावायचा नाही ना."

या खेपेला गिअरबॉक्स लोटलेल्या दारासारखा जाऊन इंजिनला लागला. फट नाही, ओढाताण नाही. बोल्टांना नुसतं धरून ठेवायचं काम उरलं.

हात धुवायला दोघं मागच्या नळावर गेली. साबणाच्या चुऱ्याने बाबा बोटं चोळत होते, ती बाळाचं तोंड पुसायचं निमित्त करून जवळ उभी होती. कसं सुरू करावं याची तिने मनात चार-पाच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरावं लागलं नाही.

"डावा तर गेल्यात जमा आहे," बाबा नळाकडे बघत म्हणाले. "उजव्याला जाड आवाज येतात. बारीक नाही येत."

"कधीपासून?"

"तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हापासून असेल. आधी कळलंच नाही गं. मला वाटलं, घरच शांत झालंय."

तिने नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात त्यांना आणखी त्रास होत असेल, हे तिला आत्ता सुचलं. मग तिने विचारलं, की बाळ उठतं ते तुम्हाला माझ्याआधी कसं कळतं?

ते हसले. ती झोपली की ते पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून बसत. तिने ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि माया म्हणून सोडून दिलं होतं. मायाही होतीच. "रडायच्या आधी ती दोन्ही टाचा आपटते. तीन-चारदा. तुम्हाला रडणं ऐकू येतं, मला टाचा."

"आणि हात कठड्यावर नसेल तेव्हा?"

बाबांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"तेव्हा किटली," ते म्हणाले. "मला कळलं होतं तू का दचकलीस ते. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण म्हटलं, सांगितलं तर ही पोर माझ्याकडे ठेवणार नाहीस. आणि खरंच सांगतो, ठेवू नकोस म्हणालीस तर मी रागावणार नाही. तुझी लेक आहे."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. नखांत काळं ऑइल, कानशिलावर पांढरे केस घामाने चिकटलेले. राग यायला हवा होता. थोडा होताही. सात महिने आपण डोळ्यांत तेल घालून घराचा कानाकोपरा पाहत होतो, आणि एवढी मोठी गोष्ट रोज आपल्यासमोर वर्तमानपत्र वाचत बसली होती. पण त्याहून जास्त तिला त्या टाचांचा हेवा वाटला. तिच्या वहीत श्वास होते, मिली होते, मिनिटं होती. टाचा नव्हत्या.

"तुमची आहे ना नात," ती म्हणाली. "मग आपण दोघांनीही थोडं नीट वागू. मी प्रयोगशाळेत कळवते की दहा दिवसांनी येते. आणि उद्या गाडी सुरू झाली, की तिची पहिली फेरी कानाच्या डॉक्टरकडे."

"डॉक्टरांना डॉक्टर," बाबा पुटपुटले. पण नाही म्हणाले नाहीत.

नवऱ्याला जेवताना सांगितलं तेव्हा तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं मी यांच्याशी भांडतोय की माझं ऐकत नाही म्हणून, ते यांना ऐकूच येत नव्हतं?"

"तुझं ऐकू आलं तरी ऐकत नव्हतो," बाबा म्हणाले. "ते वेगळं."

सोमवारी दुपारी गाडी स्टँडवरून उतरली. नवं ऑइल भरलं. बाबांनी तो लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक गिअरबॉक्सच्या अंगाला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले. हाडातून मात्र त्यांना बरंच ऐकू येत होतं, ते नंतर कानाच्या डॉक्टरणीनेही सांगितलं. नवऱ्याने गिअर टाकला. गाडी कुठेही न ओरडता, सायीवरून बोट फिरवावं तशी, एक हात पुढे गेली आणि एक हात मागे आली. कुंपणावरून पोस्टमनकाकांनी विचारलं, "डॉक्टर, पेशंट वाचला?" तिने बाबांच्या समोर येऊन प्रश्न पुन्हा सांगितला. बाबा काकांकडे वळून म्हणाले, "वाचला. आणि ऊनही फार आहे." मग त्यांनी काकांना सगळं खरं काय ते सांगून टाकलं. काका जरा ओशाळले, कारण दोन वर्षं ते कुंपणाच्या पलीकडून बाबांना मनमुराद शिव्या घालत आले होते.

कानाचं यंत्र आठवड्याभराने आलं. बाबांनी ते कानात घातलं, घरभर एक फेरी मारली आणि स्वयंपाकघरात थबकले. फ्रीज इतका बडबडतो हे कुणी सांगितलं का नाही, म्हणाले. मग पाळण्यापाशी गेले. लेक झोपली होती. ते खूप वेळ वाकून उभे राहिले. "ही घोरते," ते शेवटी म्हणाले, आणि लगेच वळून खिडकीबाहेर बघू लागले.

पुढचे तीन दिवस तिने परीक्षा घेतली. आत घेतली, बाहेर घेतली, नळ चालू ठेवून घेतली. पलीकडच्या खोलीतून चमचा पाडायचा, लेकीचा रडण्याचा आवाज फोनवर लावायचा. दहापैकी नऊ, दहापैकी दहा, दहापैकी दहा. वहीत लिहून ठेवलं. बाबा म्हणाले, सरकारी बस चालवायचा परवाना याहून सोपा मिळतो. तरी त्यांनी स्वतःहून कबूल केलं, की लेक झोपली असताना ते त्या खोलीतून हलणार नाहीत, आणि यंत्र कानात असलं तरी हात कठड्यावर असेलच. आणि किटली त्यांनी जाऊन बदलून आणली, आपोआप बंद होणारी.

गुरुवारी सकाळी ती निघाली. डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र, सगळं दोनदा तपासलं. लेकीला तीनदा पापा दिला. गाडीत बसली, आरसा सासूबाईंच्या उंचीवर होता, मान जरा खाली केली. आरशात घराची खिडकी दिसत होती. इंजिन चालू केलं, आणि नेमकं तेव्हाच आतून लेकीचं रडणं सुरू झालं.

तिचा हात दाराच्या कडीकडे गेला. तिने मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

मग ती थांबली. जायला निघालेली ती. मोजायला माणूस आत होता, तीस वर्षांचा अनुभवी. फिरवणाऱ्याने मोजायचं नाही.

तिने कडीवरचा हात काढला, गिअर टाकला आणि गाडी फाटकातून बाहेर घेतली. वळणाशी जाईपर्यंत रडणं थांबलं होतं की नुसतं ऐकू येईनासं झालं होतं, ते तिला कळलं नाही. आरशातल्या खिडकीत मात्र, एका हाताने नातीला खांद्यावर धरून, दुसऱ्या हाताची तीन बोटं वर करून बाबा उभे होते.